कारवानी कुत्री, शेजारची मेंढरं आणि समोरचा माळ

माळावरची | मंगळ, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून सांगोला तालुक्यात नवऱ्याच्या वडिलोपार्जित रानात राहायला आलो. सहा एकर डाळिंब, थोडी ज्वारी आणि समोर उघडा माळ. आल्या आल्या दोन कारवानी पिल्लं घेतली, एकाच वेतातली. मादी कैरी, नर पन्हं. (नावं मुलीने ठेवली. हसून घ्या.) आता दोघं अडीच वर्षांची आहेत. घरात मांजरीसारखी, कुणावर भुंकणं नाही, सोफ्यावर चार पाय वर करून झोपणं.

परवा संध्याकाळी फाटक उघडं राहिलं. समोरून शेजारच्या तात्यांची मेंढरं परतत होती. पन्ह्याने मान वर केली, कान टवकारले आणि दुसऱ्या क्षणी ते तिथे नव्हतंच. मागोमाग कैरी. मी हाका मारून घसा फोडला, पण दोघांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाच-सात मिनिटं नुसती पळापळ. एकाही मेंढीला दात लागला नाही, हे तात्यांनीही मान्य केलं. मला वाटलं निभावलं.

काल सकाळी कळलं की त्यातली एक माडग्याळ मेंढी गाभडली.

तात्या काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलंय. दोन्ही कुत्री दोन दिवस साखळीला आहेत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. आयुष्यभर बांधूनच ठेवायची का? शिकवून हे जातं का? अशी कुत्री जनावरांच्या जवळपास पाळणाऱ्यांनी कृपया लिहा.

---

टिकोजीराव | मंगळ, ७:४२

पन्हं सुटलं आणि कैरी मागे लागली, इथपर्यंत वाचून मला पाककृतीचा धागा वाटला. पुढचं वाचून वाईट वाटलं. सॉरी ताई.

---

बोरीबाभळी | मंगळ, ८:०५

ताई, मी धनगराच्या घरचा. सध्या नोकरीला पुण्यात, पण भाऊ अजून कळप घेऊन फिरतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

"दात लागला नाही" हे वाक्य तात्यांपुढे परत काढू नका. मेंढरू दातानेच मरतं असं नाही. ते घाबरून कोपऱ्यात एकावर एक चढतं आणि खालचं गुदमरतं. गाभण असेल तर गाभडतं. रात्री पाहावं तर चरलेलं नसतं, चार दिवस कळप बुजरा होतो आणि त्या वाटेने जायलाच तयार नसतो. त्यात माडग्याळ. जतकडची ती पोपटासारख्या नाकाची मेंढी काय भावाने जाते ते विचारा कुणाला. चांगल्या बकऱ्याला लाखात बोली लागते. त्या पोटातलं कोकरू म्हणजे तात्यांची दिवाळी होती.

आमच्या वाड्यावरही कुत्री असतात, पण ती वेगळी. ती मेंढरातच जन्मतात, मेंढरातच झोपतात आणि बाहेरच्यावर भुंकतात. कारवानीचं काम राखणीचं नाहीच. ते पळणाऱ्याच्या मागे पळायला घडवलेलं जनावर आहे. त्याला राखणीला ठेवणं म्हणजे शर्यतीच्या खोंडाला मोटेला जुंपण्यासारखं.

---

कृष्णाकाठ | मंगळ, ८:३०

बोरीबाभळी +१. पण आमच्याकडे चार पिढ्या कारवानी आहेत, कधी मेंढरू मारलं नाही. लहानपणी आजोबा पिल्लाला दोन दिवस मोठ्या एडक्याजवळ बांधायचे. एडका एक टक्कर द्यायचा, मग जन्मभर मेंढराकडे बघणं नाही. हल्ली कुत्र्यांना फार लाडावून ठेवतात.

---

डॉ. खूर | मंगळ, ९:१५

कृष्णाकाठ, या उपायात बरगडी मोडलेली दोन पिल्लं मी स्वतः पाहिली आहेत. बऱ्याचदा पिल्लू 'त्या' एडक्याला घाबरतं, पळणाऱ्या मेंढरांना नाही. कृपया कुणी करू नका.

मी पशुवैद्य, २२ वर्षं ग्रामीण भागात. धागाकर्तीच्या प्रश्नावर थोडं सविस्तर.

कारवानी, पश्मी, राजपालयम, रामपूर, परदेशी ग्रेहाउंड ही सगळी नजरेने शिकार करणारी कुत्री. बाकीची कुत्री नाकाने जग वाचतात, ही डोळ्याने. लांबट डोकं आणि बाजूला सरकलेले डोळे यामुळे नजरेचा पल्ला रुंद. दूरवरची हालचाल आपल्याला कळायच्या आधी यांना कळते. एकदा धावायला लागलं की कान बंद होतात असं समजा. ते तुमचं ऐकत नाही असं नाही, त्या क्षणी तुम्ही तिथे नसताच. म्हणून शिकवणीने फरक पडतो, पण तो धावण्याच्या *आधीच्या* दोन सेकंदांत. मान वर, कान उभे, अंग ताठ, शेपूट स्थिर, हे दिसलं की तेव्हाच वळवायचं. सुटल्यावर हाक मारणं म्हणजे वरात गेल्यावर सनई.

दोन एकत्र असणं ही वेगळी अडचण. एकटं कुत्रं कधी कधी विचार करतं, जोडी करत नाही. दोघांना एका वेळी मोकळं सोडू नका.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही: जंताचं औषध. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते, आणि तिच्या मेंदूत पाण्याच्या फुग्यासारखी गाठ होते. मग ती मेंढी एकाच बाजूला गरगर फिरत राहते. तुमचं कुत्रं तात्यांच्या चराईवर बसत असेल तर हा संबंध पळापळीपेक्षा जुना आहे. प्राझिक्वांटेल असलेलं औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर द्या, आणि मेलेल्या मेंढीची मुंडी कच्ची कुत्र्याला कधीच घालू नका. खेड्यात हे सर्रास होतं.

---

माळावरची | मंगळ, ९:५०

डॉक्टर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजच औषध आणते. बोरीबाभळी, राग कसला. खरंच, मी तात्यांना ते वाक्य दोनदा म्हणाले होते.

---

घाटपांडे_अण्णा | मंगळ, १०:२०

रच्याकने (बाय द वे हो), कारवानी म्हणजेच मुधोळ ना? आमचे एक साडू 'मुधोळ हाउंड' म्हणूनच सांगतात आणि कारवानी म्हटलं की चिडतात.

---

कानडीगंध | मंगळ, १०:४५

अण्णा, साप सोडलात धाग्यात. :)

कुत्रं एकच, नावं दोन. एक राष्ट्रीय श्वानसंघटना 'कॅरव्हान हाउंड' म्हणून नोंदवते, दुसरी 'मुधोळ हाउंड' म्हणून. तांड्यांबरोबर, कारवाँबरोबर आलेलं म्हणून कारवानी. अंगावर रेशमी केस असले तर पश्मी. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं जुनं घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराव राजेसाहेबांनी ही जात निवडून वाढवली आणि पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली, असं सांगतात. मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं संशोधन केंद्रही आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं.

---

टिकोजीराव | मंगळ, १०:५२

बेळगाव झालं, आंबोळी-डोसा झाला, आता कुत्र्याचाही सीमाप्रश्न. महाजन आयोगाला कळवा.

---

गवताळ | मंगळ, १२:३०

सीमाप्रश्न बाजूला ठेवून धाग्यातल्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो: "समोर उघडा माळ".

मी गवताळ प्रदेशातले पक्षी-प्राणी पाहणारा माणूस. हा माळ उघडा दिसतो, रिकामा नसतो. सांगोला, जत, माण, खटाव या पट्ट्यात चिंकारा आहे, ससे आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. टिटवी, धाविक, चंडोल, तित्तर हे सगळे जमिनीवर अंडी घालतात. नान्नजच्या बाजूला माळढोक होता, आता दिसलाच तर बातमी होते. तो एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. तिथे एक मोकाट कुत्रं पहाटे फिरून गेलं तरी काय होत असेल, विचार करा.

ताई, मेंढराला मालक आहे म्हणून तुम्हाला नुकसान कळलं. चिंकाऱ्याचं गाभडलेलं पाडस सांगायला तुमच्या दारी कोणी येणार नाही.

आणि कायदा: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करून पकडणं, हाकणं आणि तसा प्रयत्नसुद्धा येतो. चिंकारा, काळवीट पहिल्या अनुसूचीत. 'कुत्रं आपणहून गेलं' हे वनाधिकाऱ्याला पटवत बसायची वेळ येऊ नये.

---

कृष्णाकाठ | मंगळ, १३:१०

झालं सुरू. अहो, आमच्या आजोबांच्या काळी थंडीत कारवानी घेऊन सशाला जायचे, तेव्हा माळावर ससे आजच्या दसपट होते. ससे कुत्र्यांनी नाही संपवले. माळ फोडून डाळिंब कुणी लावलं? सोलरचे प्लँट कुणी टाकले? ही जात शिकारीतूनच टिकली. पळू दिलं नाही तर शंभर वर्षांनी नुसतं बारीक लॅब्राडोर उरेल.

---

गवताळ | मंगळ, १३:४०

माळ फोडल्याचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच उरलेल्या तुकड्यात ससा-चिंकाऱ्याला पळायला जागा नाही. पूर्वी मैलभर रान मागे असायचं, आता चारशे मीटरवर तारेचं कुंपण. पाठलाग तोच, निसटायची वाट गेली. आजोबांवर माझा राग नाही, पण त्यांचा माळ आता नाही.

---

डॉ. खूर | मंगळ, १४:०५

गवताळांना एक जोड. पाठलागापेक्षा रोग जास्त हळू आणि जास्त दूर जातो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कोल्हा, खोकड, लांडगा तर कुत्र्याचेच भाऊबंद. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो या लसी म्हणजे माळावर राहणाऱ्याची घरपट्टी समजा. नसबंदीचंही बघा. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत दिसून आला आहे.

नसबंदीवरून आठवलं: या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते. भुलीची काही जुनी औषधं, विशेषतः थायोपेंटोन, त्यांच्यात फार वेळ उतरत नाहीत. डॉक्टरला 'हे कारवानी आहे' हे आधी सांगा.

---

यॉर्कशायरकर | मंगळ, १५:३०

इथे इंग्लंडात दोन निवृत्त ग्रेहाउंड सांभाळतोय. शर्यतीतून काढलेली, सात आणि आठ वर्षांची. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे मेंढ्याच मेंढ्या. तेव्हा ताई, तुमचं दुःख आमचंच.

इथे कायदा कडक आहे. मेंढ्यांना कुत्र्याने त्रास दिला तर १९५३ च्या कायद्याने मालक दोषी, चावलं नसलं तरी. शेतकऱ्याने कळप वाचवायला कुत्र्याला गोळी घातली तर काही अटींवर त्याला बचाव आहे, ४८ तासांत पोलिसांना कळवायचं. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून दंड चाळीस हजार पौंडांपर्यंत आणि तुरुंगही. कुत्र्याने सशाची शिकार २००४ च्या कायद्याने बंद. पहिल्या वर्षी मला हे अति वाटायचं. मग एप्रिलमध्ये कोकरं जन्मायच्या दिवसांत शेजारच्या शेतकऱ्याबरोबर एक रात्र गोठ्यात काढली. त्यानंतर वाटणं बंद झालं.

कामाच्या गोष्टी:

या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड. साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो. चार बोटं रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा घ्या.

लांब दोरी मानेला कधीही नको. पंधरा मीटरच्या दोरीच्या टोकाला हे चाळीस किलोमीटरच्या वेगाने पोचतं आणि थांबतं ते मान मोडून. अंगपट्ट्यालाच बांधा, दोरी आखूड ठेवा.

तोंडाला जाळीचं मुसकं लावायची लाज वाटू देऊ नका. आमची दोघं फिरायला निघताना मुसक्यात आपणहून तोंड घालतात. पण मुसकं चावा थांबवतं, पाठलाग नाही.

पळायला मात्र द्या. मी आठवड्यातून दोनदा तासावर कुंपणाचं मैदान भाड्याने घेतो. तीन मिनिटं तुफान पळतात, मग दिवसभर मेल्यासारखी झोपतात. यांची गरज अंतराची नाही, वेगाची आहे.

---

आज्जी_ऑनलाइन | मंगळ, १५:४४

मैदान भाड्याने घेतात कुत्र्यासाठी! आमच्या सोसायटीत नातवंडांना खेळायला जागा मिळेना.

---

सातारी_कंदी | मंगळ, १६:२०

अवांतर: साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ येतोय हे भुंकून सांगून महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याला मान मिळाला, अशी कथा. तो कारवानी होता का हो?

---

कानडीगंध | मंगळ, १६:३५

भुंकला म्हणता, मग कारवानी नसावा. :)

---

माळावरची | मंगळ, १६:५०

हे खरंय. आमच्याकडे रात्री चोर आला तर कैरी त्याला सोफ्यावर जागा करून देईल.

---

वाडगं | मंगळ, २०:१५

औसा तालुका, लातूर. आमच्याकडे पश्मी मादी आहे आणि अकरा शेळ्या. ती शेळ्यांतच वाढली. करडं तिच्या अंगावर चढतात, ती हू की चू करत नाही. तर आम्हीही फुशारलो की आमचं कुत्रं जनावराला काही करत नाही. मग मामाच्या शेळ्या आल्या पाहुण्या. फाटकात उतरवल्या, एक बिथरून पळाली, आणि आमच्या गरीब गायीने तिचा कान फाडला.

कुत्र्याला 'शेळी' कळत नाही. त्याला 'आमची शेळी' कळते. आणि आमची शेळीसुद्धा दोनशे मीटरवर ज्वारीतून पळत असली की आमची राहते का, याची मला आता खात्री नाही. आम्ही परीक्षा घेत नाही.

कोंबड्यांचं विचारू नका. सतरा होत्या.

---

टिकोजीराव | मंगळ, २०:२२

होत्या.

---

वाडगं | मंगळ, २०:२५

होत्या.

---

बोरीबाभळी | मंगळ, २१:००

ताई, कुंपण कसलं आहे तुमचं? आमच्या भागात एकाने कुत्रं बाहेर जाऊ नये म्हणून डुकरांसाठी लावतात ते झटका मशीन लावलं. कुत्रं पूर्ण वेगात तारेतून पार, झटका बसला तो पलीकडे गेल्यावर. मग ते परत आत यायलाच तयार नाही.

---

माळावरची | मंगळ, २१:२०

चार फुटी काटेरी तार. पन्हं त्यावरून उभ्या उभ्या जातं, हे मला परवा कळलं.

---

डॉ. खूर | मंगळ, २१:४०

काटेरी तार काढा हो. यांची कातडी कागदासारखी. मी टाके घातलेल्या कारवानींपैकी निम्म्यांहून जास्त तारेने फाटलेली होती. सहा फुटी चौकटीची जाळी, खाली फूटभर पुरलेली. परवडत नसेल तर सगळ्या रानाला नको, घराभोवती अर्धा एकर करा. रात्री छप्पर असलेल्या खोलीतच ठेवा. लांडगा, बिबट्या कुत्रं उचलतात, तेव्हा हा धागा उलटा होईल.

---

वाडगं | मंगळ, २१:५५

आणि जाळीला आतून हिरवी शेडनेट बांधा, जमिनीपासून पाच फूट. आम्ही केलं. रस्त्यावरची मेंढरं *दिसतच* नाहीत, तर मान वर होणार कशाला? वास येतो, घंटा ऐकू येतात, पण आमची पश्मी नुसती कान हलवते. डाळिंबवाल्यांकडे शेडनेटला काय तोटा.

---

यॉर्कशायरकर | मंगळ, २२:१०

वा! दहा वर्षांत हे मला सुचलं नाही. उद्याच बायकोला मागच्या भिंतीवर पडदा लावायचा प्रस्ताव देतो. कारण सांगणार नाही.

---

घाटपांडे_अण्णा | बुध, ६:३०

पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये रेडिओवर देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, मुधोळचं नाव घेतलं. मग आमच्या कोथरूडात दोन बीएचकेत तीन आली. त्यातलं एक आता आमच्या साडूंच्या शेतावर 'सोडलं' आहे. शहरातून शेतावर सोडलेल्या कुत्र्यांचा एक वेगळा धागा हवा.

---

गवताळ | बुध, ७:००

अण्णा, नक्की काढा. माळावर दिसणारी निम्मी कुत्री गळ्यात पट्ट्याचा व्रण घेऊन फिरतात.

---

माळावरची | रवि, १८:४०

सगळ्यांचे आभार. पाच दिवस हात रिकामा नव्हता, म्हणून उशीर.

बुधवारी मी आणि हे तात्यांकडे गेलो. पैसे पाकिटात घालून नेले होते. तात्यांनी पाकिटाकडे बघितलंच नाही. म्हणाले, "बाई, कोकराचं मोल तुम्ही देशीला, पर मेंढरं आता तुमच्या बांधावरनं जाईनात. माझा रोजचा अर्धा कोस वाढला, त्याचं काय करायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की मेंढरांची जाण्या-येण्याची वेळ तात्या मला सांगतील आणि त्या वेळी कुत्री खोलीत. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. वेळ बदलली तर त्यांचा नातू मिसकॉल देतो. मी फोनवर त्याचं नाव 'मेंढरं' म्हणून सेव्ह केलंय. पाकीट तात्यांच्या सुनेने ठेवून घेतलं, त्यांच्या नकळत. ते मला बरोबर वाटलं की नाही, अजून ठरलेलं नाही.

घराभोवतीचं काटेरी काढलं. सहा फुटी जाळीचं काम निम्म्यावर आहे, शेडनेट बांधली. जंताचं औषध दिलं, लसी पूर्ण केल्या, नसबंदीची तारीख घेतली, आणि डॉक्टरांना दारातच सांगितलं, हे कारवानी आहे म्हणून. ते म्हणाले, दिसतंय की.

कृष्णाकाठ, पळण्याबद्दल तुमचं पटलं. बागेच्या मागची दीडशे मीटरची पट्टी दोन्हीकडून बंद करतोय. एका वेळी एकच, दुपारी उन्हं कलल्यावर, पोट रिकामं असताना. कैरीने काल पहिल्यांदा तिथे धाव घेतली. मी मोबाइल काढेपर्यंत ती परत आली होती.

गवताळ, पहाटे फिरायला जाताना आता दोघंही दोरीला. काल टेकाडापाशी पन्हं एकदम ताठ झालं. मला काही दिसेना. दोरी धरून पाच मिनिटं तशीच उभी राहिले, तेव्हा कुठे हिवराखाली दोन चिंकारे दिसले. तीन वर्षं मी त्या वाटेने जाते. पहिल्यांदाच पाहिले.

---

गवताळ | रवि, १९:०५

त्यांनी तुम्हाला तीन वर्षं पाहिलंय.

---

बोरीबाभळी | रवि, १९:३०

ताई, मेंढरं आठवड्या-दोन आठवड्यांत परत त्या बांधावर येतील. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः बांधावर उभ्या राहा, कुत्र्याशिवाय. तात्यांना दिसू द्या.

---

नवा_सदस्य_७७ | रवि, २२:१२

धागा आवडला. पश्मीचं पिल्लू कुठे मिळेल? आमचा वाकडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, गॅलरी मोठी आहे.

---

टिकोजीराव | रवि, २२:१३

सगळ्यांनी शांत राहा. मी समजावतो त्याला.